पाणरेषेवरचा तपकिरी पट्टा घासण्याआधी ओळखावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे 9 मीटर लांबीची, पांढऱ्या जेलकोटची (म्हणजे बाहेरच्या पांढऱ्या थराची), पंचवीसएक वर्षे जुनी फायबरग्लासची शिडाची नौका आहे. पाण्याखालच्या भागावर शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून लावलेल्या अँटीफाउलिंग रंगाच्या वरच्या कडेला लागून 8 ते 10 सेंटीमीटर रुंदीचा पिवळट-तपकिरी पट्टा बसला आहे. साबण झाला, ब्लीच झाले, शेवटी रबिंग कंपाउंडही (घासून पृष्ठभाग खरवडणारी पेस्ट) लावून पाहिले. कंपाउंडने पट्टा फिकट झाला, पण नौका पाण्यात उतरवल्यावर दोन महिन्यांत तो पूर्वीपेक्षा गडद होऊन परत आला. आता याहून जाड कंपाउंड आणि पॉलिशिंग मशीन घ्यावे का, घेतल्यास कोणते, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की मशीन इतक्यात घेऊ नये. आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकत्र आले आहेत. बसलेला डाग काढायचा कसा हा पहिला, आणि तो नेमका त्याच जागी पुन्हा का बसतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा एका सकाळच्या कामाचे असते. दुसऱ्याचे उत्तर नौकेच्या वजनात आणि रंगाच्या रेषेत दडलेले असते, आणि तिकडे लक्ष न दिल्यास पहिले काम दरवर्षी करावे लागते.

आधी कंपाउंडविषयी, कारण तिथेच नुकसान होते. जेलकोट हा रंग मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचा थर असतो आणि नौका नवी असताना त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. पंचवीस वर्षांत ऊन, पाणी आणि आधीच्या मालकांची पॉलिशे यांनी त्यातला काही भाग आधीच गेलेला असतो. उरलेला थर उन्हाने खडूसारखा भुरभुरीत झालेला असतो आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडलेली असतात. डाग या छिद्रांत मुरतो. कंपाउंड डाग काढत नाही, ते डागासकट जेलकोट खरवडते, आणि जाड कणांचे कंपाउंड वापरून नंतर बारीक पॉलिश व मेण दिले नाही, तर मागे राहिलेल्या ओरखड्यांत पुढचा डाग अधिक घट्ट धरतो. आपला पट्टा पूर्वीपेक्षा गडद होऊन आला, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. या कामात नवीन असताना एका जुन्या नौकेच्या नाळेवरचा (पुढच्या टोकावरचा) डाग मी फिरत्या मशीनने काढायला घेतला. नाळेची धार अरुंद असते, तिथे पॅडचा सगळा दाब दोन बोटांच्या जागेवर येतो. पांढऱ्या रंगाखालून राखाडी-हिरवट झाक दिसू लागली तेव्हा मला आधी वाटले की डागाचाच रंग बदलतो आहे. प्रत्यक्षात जेलकोट संपून आतले काचतंतू दिसू लागले होते. तो डाग अर्ध्या तासाचा होता. नवा जेलकोट भरून त्याचा पांढरा रंग जुन्या पांढऱ्याशी जुळवण्यात माझे तीन दिवस गेले, आणि तरीही तिरप्या उन्हात तो तुकडा ओळखू येत असे.

म्हणून पहिले काम ओळखण्याचे. कोरड्या पट्ट्यावरून नखाचे टोक फिरवावे. पृष्ठभाग गुळगुळीत लागला आणि रंग चहासारखा असेल, तर तो टॅनिनचा (पानासालींतून पाण्यात उतरणाऱ्या तपकिरी द्रव्याचा), लोहाचा किंवा दोन्हींचा मिळून झालेला डाग असतो. नख खरखरीत कवचावर अडखळले, तर ते कॅल्शियमचे कीट किंवा बार्नेकलची (नौकेला चिकटणाऱ्या कवचधारी समुद्री जीवाची) उरलेली बैठक असते. तिथे व्हिनेगरचा थेंब टाकल्यास बारीक बुडबुडे येतात. बोटाला चिकट, काळपट लागले, तर तो पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाचा आणि काजळीचा थर आहे आणि त्याला आम्ल लागू पडत नाही, ग्रीस काढणारा साबण लागतो. हिरवे, बुळबुळीत असेल ते शेवाळ. आणखी एक गोष्ट पाहावी. पट्ट्याच्या वरची पांढरी जागा पाण्याने ओली केल्यावर एकदम चकचकीत दिसते आणि वाळली की पुन्हा निस्तेज होते का? तसे असेल तर तिथे डाग नाही, जेलकोट खडूसारखा झाला आहे, आणि तेवढ्या जागेपुरते पॉलिशचे काम खरोखरच आहे.

आपल्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो. नद्यांच्या मुखांत, खाड्यांत आणि दलदलीतून येणाऱ्या पाण्यात कुजलेल्या पानांचे आणि सालींचे टॅनिन विरघळलेले असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवेतून प्रवास करणाऱ्या नौकांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना तपकिरी पंखासारखा डाग चढतो आणि तिथले खलाशी त्याला मिशी म्हणतात; त्याच मार्गावरच्या डिस्मल स्वॅम्प कालव्याचे पाणी तर काळ्या चहाच्याच रंगाचे असते. पाण्यात टॅनिनच्या जोडीला लोह असेल, तर डाग अधिक काळवंडतो. टॅनिन आणि लोहाचे क्षार यांच्या संयोगातून गडद निळा-काळा रंग तयार होतो, आणि युरोपात शतकानुशतके लिहिण्याची शाई याच संयोगातून बनत असे. आपण ब्लीच वापरूनही डाग का हलला नाही, याचे उत्तर इथे आहे. ब्लीच शेवाळ मारते आणि त्याचा हिरवा रंग घालवते, पण गंजाला ते हात लावत नाही.

अशा डागासाठी मी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतो. सुतार लाकडावरचे लोखंडाचे काळे डाग याच पावडरीने काढतात. हे आम्ल गंजातल्या लोहाला धरून त्याचे पाण्यात विरघळणारे संयुग बनवते, त्यामुळे डाग धुऊन निघतो आणि जेलकोट जागच्या जागी राहतो. बाजारात नौकांसाठी म्हणून मिळणारी तयार जेली बहुधा याच आम्लाची किंवा फॉस्फोरिक ॲसिडची असते. सवय नसेल त्याने तीच घ्यावी, कारण ती उभ्या पृष्ठभागावरून ओघळत नाही.

पावडरीपासून करायचे असेल तर मी एक लिटर कोमट पाण्यात 50 ते 80 ग्रॅम पावडर विरघळवतो आणि त्यात भिंतीच्या कागदाची खळ घालून ते दह्याइतके दाट करतो. प्लास्टिकची बादली घ्यावी, ॲल्युमिनियमची किंवा जस्ताचा मुलामा असलेली घेऊ नये. किती लागेल याची चिंता नको. 9 मीटरच्या नौकेला दोन्ही बाजू मिळून पट्टा साधारण 20 मीटर लांब आणि 10 सेंटीमीटर उंच धरला, तरी क्षेत्रफळ जेमतेम 2 चौरस मीटर होते, आणि तेवढ्याला दोन लिटर मिश्रण दोन हातांसाठी पुरते.

हे आम्ल विषारी आहे, याचा विसर पडू देऊ नये. पोटात गेल्यास ते मूत्रपिंडांना इजा करते, त्वचेवर फार वेळ राहिल्यास जळजळते, आणि कोरड्या पावडरीची धूळ नाकाघशाला झोंबते. पावडर मोजताना मास्क, आणि पूर्ण वेळ रबरी हातमोजे व डोळ्यांना बंद चष्मा हवाच. याहून महत्त्वाची सूचना खास आपल्यासाठी आहे, कारण आपण ब्लीच वापरले आहे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकाच दिवशी वापरू नयेत. ब्लीचचा हात झाला असेल तर हल (नौकेचे बाहेरचे अंग) भरपूर पाण्याने धुवावा, बादल्या आणि ब्रश वेगळे ठेवावेत, आणि आम्लाचे काम दुसऱ्या दिवशी करावे.

प्रत्यक्ष काम असे चालते. नौका पाण्याबाहेर काढलेली असावी आणि ज्या बाजूला काम करायचे ती सावलीत असावी, कारण तापलेल्या हलवर मिश्रण पाच मिनिटांत वाळते आणि वाळलेले आम्ल काम करत नाही. आधी साबणाने धुऊन तेलाचा थर काढावा. अँटीफाउलिंगच्या वरच्या कडेवर मास्किंग टेप लावावी, कारण तांबेयुक्त रंगावर आम्ल ओघळले की त्याचा रंग बिघडतो. मग पिछाडीजवळ, नजरेत न येणाऱ्या जागी, तळहाताएवढा चौकोन करून त्यावर मिश्रण लावावे आणि थांबावे. टॅनिन-लोहाचा डाग असेल तर दोन-तीन मिनिटांतच खाकी रंग फिकट पिवळा होतो, मिश्रणात लिंबट झाक उतरते, आणि दहाव्या मिनिटाला ओल्या फडक्याने पुसल्यावर चौकोनाची कड सुरीने कापल्यासारखी पांढरी दिसते. हे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो, कारण आदल्या आठवड्यात त्याने त्याच जागी खांदे दुखेपर्यंत घासलेले असते.

चौकोन उजळला तर पूर्ण पट्ट्यावर काम करावे, पण एका वेळी दीड-दोन मीटरच घ्यावे. मिश्रण खालून वर लावत जावे. वरून सुरुवात केली तर खाली ओघळलेल्या थेंबांच्या उभ्या रेघा कोरड्या डागावर उमटतात आणि त्या नंतर एकसारख्या करणे त्रासाचे होते. दहा ते पंधरा मिनिटे ते ओले ठेवावे, वाळू लागले तर पाण्याचा हलका फवारा मारावा. घासू नये, फार तर मऊ ब्रश फिरवावा. मग भरपूर पाण्याने धुवावे आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा हात मारून पुन्हा धुवावे. पहिल्या हाताने ऐंशी टक्के गेले तरी मी तेवढ्यावर आम्लाचे प्रमाण वाढवत नाही, त्याच ताकदीचा दुसरा हात देतो. खाली सांडलेले पाणी ताडपत्रीवर गोळा करून सोड्याने त्याचा आम्लपणा मारावा, आणि नौका जिथे उभी आहे तिथले सांडपाण्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. नौका ट्रेलरवर असेल तर ट्रेलरच्या जस्ती सांगाड्यावर आम्ल पडू देऊ नये.

चौकोन उजळला नाही तर निदान चुकले असे समजावे, आम्ल कमी पडले असे समजू नये. खरखरीत पांढरट कीट असेल तिथे ऑक्झॅलिक ॲसिड उलट त्रास देते, कारण कॅल्शियमबरोबर त्याचे न विरघळणारे पांढरे संयुग बनते आणि हलवर धूसर पडदा बसतो. जड पाण्याच्या एका तलावातल्या नौकेवर मी हा पडदा स्वतःच्या हाताने बसवला आहे. अशा किटाला आणि बार्नेकलच्या बैठकींना आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, मग फॉस्फोरिक ॲसिडचे क्लीनर किंवा अगदी सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या ठिपक्यांवर लावावे. सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. शौचालय साफ करण्याचे आम्ल संपूर्ण पट्ट्यावर फासण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी देईलच, आणि त्याने डाग जातोही, परंतु त्याच्या वाफा आणि ओघळ स्टेनलेस स्टीलच्या जोडण्यांना खातात. एवढ्यासाठी मी ते टाळतो.

हे सारे पांढऱ्या जेलकोटच्या फायबरग्लास हलपुरते आहे. आपल्या नौकेवर पूर्वी कुणी दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग मारला असेल, आणि पंचवीस वर्षांच्या नौकेत ही शक्यता लहान नाही, तर तो रंग एक पातळ, चकचकीत कातडी असतो. त्यावर कंपाउंड कधीच लावू नये आणि आम्लही रंग बनवणाऱ्याच्या सूचना वाचूनच वापरावे. गडद निळ्या जेलकोटवर आम्लाने रंग उतरल्याचा भास होतो, कारण मेण आणि मळ दोन्ही निघून खालचा निस्तेज थर उघडा पडतो. ॲल्युमिनियम आणि पोलादी हलवर यातले काहीही करू नये, आणि लाकडी हलवर आधी रंगाचा थर कुठे फुटला आहे ते तपासावे.

नौका बाहेर काढणे सध्या शक्य नसेल तर शांत पाण्यात तात्पुरते काम करता येते. बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) एका बाजूला पूर्ण बाहेर काढून तिच्या टोकाला पाण्याचे कॅन बांधले की नौका त्या बाजूला कलते आणि दुसऱ्या बाजूचा पट्टा वीतभर वर येतो. मात्र अशा वेळी मी आम्ल वापरत नाही, कारण सगळे पाण्यात जाते आणि डिंगीत (सोबतच्या छोट्या होडीत) बसून उलट्या हाताने काम करताना ते डोळ्यांत उडण्याची भीती असते. साबण, मऊ स्पंज आणि धीर एवढ्यावर भागवावे. मेलामाइनचा पांढरा स्पंज जादूसारखा चालतो खरा, पण तोही बारीक घासणीच आहे हे लक्षात ठेवावे.

डाग गेल्यावर जेलकोट अगदी उघडा पडतो, कारण आम्लाने उरलेसुरले मेणही नेलेले असते. तो तसाच पाण्यात सोडला तर दोन महिन्यांत आपला जुना पाहुणा परत येईल. आपण आधी वापरलेल्या जाड कंपाउंडचे ओरखडे बोटाला जाणवत असतील, तर आता 2000 नंबरचा पाणपेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा, मग बारीक पॉलिश आणि त्यानंतर मेणाचे दोन-तीन हात द्यावेत. ओरखडे जाणवत नसतील तर पाणपेपर वगळावा. पॉलिशला आत्ता जागा आहे, कारण आता ते डाग खरवडत नाही, छिद्रे बुजवायला मदत करते. तरीही सतत भिजणाऱ्या जागी मेण फार तर एक हंगाम टिकते.

आता दुसरा प्रश्न. डाग पाण्याच्या पातळीला बसतो हे उघड आहे, पण अँटीफाउलिंगच्या वरची 10 सेंटीमीटर जागा सतत भिजतेच का? नव्या नौकेची रंगरेषा आखली जाते तेव्हा ती बहुधा रिकामी असते. आपल्या मापाच्या नौकेचे पाण्याच्या पातळीवरचे क्षेत्रफळ साधारण 14 ते 15 चौरस मीटर धरले, तर दर 150 किलो वजनामागे ती सुमारे 1 सेंटीमीटर खाली बसते. भरलेली टाकी, जादा साखळी, दुसरा नांगर, बॅटऱ्या, अवजारे, पुस्तके आणि वर्षानुवर्षे लॉकरात साठलेले सामान मिळून 500 किलो सहज होतात. म्हणजे 3 सेंटीमीटर तिथेच गेले. त्यावर बंदरातली बारीक लाट दिवसभर आणखी काही सेंटीमीटर चाटत राहते.

पट्ट्याचा आकारच याचे निदान करून देतो, म्हणून धुण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. पट्टा पिछाडीकडे रुंद होत गेला असेल तर मागच्या भागात वजन जास्त आहे. एकाच बाजूला रुंद असेल तर नौका त्या बाजूला कललेली असते, आणि टाकी किंवा बॅटऱ्या हलवून ते दुरुस्त करता येते. फक्त नाळेवर पंखासारखा चढलेला असेल तर तो चालत्या नौकेच्या लाटेचा आहे, त्याचे वजनाशी काही देणेघेणे नाही, आणि तिथे मेणाचा जाड हात हाच उपाय. एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे असेल तर नौका कायम एकाच दिशेने बांधलेली असते आणि हिरवी बाजू उजेडाकडची असते.

पट्टा सगळीकडे सारखा असेल, आणि आपल्या वर्णनावरून तो तसाच दिसतो, तर मी अँटीफाउलिंगची रेषाच वर उचलतो. यासाठी आपण खर्च करावा की दर हंगामात एक सकाळ आम्लाला द्यावी, हे नौका वर्षातून किती महिने पाण्यात असते यावर अवलंबून आहे. चार महिने असेल तर मी रेषेच्या वाटेला जाणार नाही. वर्षभर असेल तर नक्की उचलीन, कारण त्या पट्ट्यातला जेलकोट वर्षानुवर्षे संरक्षक थराशिवाय भिजत राहतो आणि कालांतराने तिथे बारीक फोड धरू शकतात.

नवी रेषा पट्ट्याच्या वरच्या कडेपासून 2 ते 3 सेंटीमीटर वर घ्यावी. त्या जागेवरचे मेण सॉल्व्हंटने पूर्ण काढावे, फडके वारंवार बदलावे, नाहीतर मेण फक्त पसरते. मग 80 नंबरच्या कागदाने घासून रंग बनवणाऱ्याने सांगितलेला इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि त्यावर अँटीफाउलिंग. वरच्या या पट्टीसाठी मी कडक प्रकारचे अँटीफाउलिंग निवडतो, कारण झिजत जाणारा मऊ प्रकार डिंगी घासली की पुसला जातो.

रेषा आखताना होणारी एक चूक मी अनेक नौकांवर पाहिली आहे. जुन्या रेषेपासून पट्टीने सगळीकडे सारखे, समजा 5 सेंटीमीटर मोजून टेप लावतात. मधल्या भागात हल जवळजवळ उभा असल्याने ते बरोबर येते, पण पिछाडीखाली हल आडवा पडत जातो आणि तिथे पृष्ठभागावरचे 5 सेंटीमीटर म्हणजे उंचीतले जेमतेम 2 असतात. पाण्यात उतरल्यावर रेषा मागे बुडालेली दिसते आणि डागही नेमका तिथेच पहिला बसतो. म्हणून उंची मोजावी, पृष्ठभाग मोजू नये. नौका आधारांवर ठेवताना तिची जुनी रेषा पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी समपातळीत आहे याची खात्री करावी, मग तिपाईवर फिरता लेझर लेव्हल ठेवून संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, हलवर पडणाऱ्या लाल रेघेवर पेन्सिलीने हातभर अंतराने खुणा कराव्यात. पिछाडीखाली या खुणा जुन्या रेषेपासून दुप्पट-तिप्पट दूर पडतील आणि काहीतरी चुकले असे वाटेल. तरीही टेप त्याच खुणांवर लावावी.